ऋतुजाचा हुंकार

“डोळे मिटा. आता तुम्ही एका मऊ ढगावर आहात,” रेकॉर्डवरची बाई म्हणाली. ऋतुजानं डोळे टक्क उघडे ठेवून मला विचारलं, “ढगावर बसलं की ओलं होत नाही का गं, मोठीआई?”

होत असेल, मी म्हटलं. तू मीट बघू डोळे.

“मग टॉवेल घ्या म्हणून सांगायला नको का तिनं?”

पलीकडच्या खाटेवर शिफा केव्हाच झोपली होती. तिची अम्मी नूरजहां भाभी तोंडाला पदर लावून हसत होती. बाईचा आवाज गोड होता, मागं बासरी वाजत होती, दिवे मंद केले होते. वॉर्डातली सगळी मुलं एकेक करून त्या ढगावर चढली आणि झोपली. आमची ऋतुजा तेवढी जमिनीवरच राहिली.

ऋतुजा माझ्या धाकट्या दिराची मुलगी. तेव्हा दुसरीत होती. तिला रक्ताचा कर्करोग निघाला आणि आम्ही तासगावहून मिरजेला येऊन राहिलो. दवाखान्याजवळच एक खोली घेतली होती. तिची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ पल्लवी, तान्ह्या बाळाची आई होती आणि बाळाला वॉर्डात आणायची परवानगी नव्हती. म्हणून दिवसा पल्लवी ऋतुजाजवळ आणि मी खोलीवर बाळाजवळ. संध्याकाळी आम्ही अदलाबदल करायचो. मला मूलबाळ नाही. ऋतुजा रांगायला लागली तेव्हापासून माझ्याच अंथरुणात निजायची, तेव्हा रात्री मी असले तरी तिला परकं वाटायचं नाही.

झोप मात्र येत नव्हती. गोळ्यांनी झोप उडते असं रूथ सिस्टरनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. रूथ भोसले, मुलांच्या वॉर्डाच्या सिस्टर. उंच, सावळ्या, चालताना चपलेचा आवाज न करणाऱ्या. त्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून हे ‘ऐकणं’ सुरू केलं होतं. रोज ठरल्या वेळी मोठे दिवे बंद करायचे, बोलणं थांबवायचं आणि मुलांना गोष्ट किंवा बासरी लावून द्यायची. पल्लवीला आणि मला शेजारी बसवून त्या म्हणाल्या होत्या, झोप नाही म्हणून भूक नाही, भूक नाही म्हणून ताकद नाही, आणि पुढची इंजेक्शनं ताकद बघूनच देणार. तेव्हा औषधाइतकंच हे सांभाळा.

त्या ढगाच्या रात्री ऋतुजा माझा पदर ओढून म्हणाली, “मला ही बाई नको. तू सांग. कहाणी सांग.”

मी सिस्टरांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, “सांगा की काकू. ओळखीचा आवाज असला तर उलट बरंच. पण हळू.”

मला तर आनंदच झाला. माझं रोजचं नक्त असतं. दिवसा दूध, फळ, पाणी काय असेल ते. जेवण एकदाच, दिवेलागण झाल्यावर. आणि जेवणाआधी त्या त्या वाराच्या देवाची कहाणी कुणाला तरी सांगायची. माझ्या सासूबाईंनी हा नेम माझ्या हाती दिला. कहाणी भिंतीला सांगायची नसते, समोर ऐकणारं माणूस लागतं, आणि त्यानं प्रत्येक वाक्याला ‘हूं’ म्हणायचं असतं. सासूबाई गेल्यावर माझी ऐकणारी ऋतुजाच होती. मांडी घालून बसायची, मुठीत तांदळाचे दाणे धरायची आणि असा खणखणीत हुंकार द्यायची की दुकानात ह्यांना ऐकू जायचा. आमचं बांगड्यांचं दुकान घरालाच लागून आहे. ह्यांच्याकडं बांगड्या भरायला आलेल्या बायका विचारायच्या, कोण हो, आत फौजदार बसलाय का?

दवाखान्यात आल्यापासून कहाणीची ओढाताण व्हायची. कधी नूरजहां भाभीला सांगितली, कधी झाडू मारायला येणाऱ्या मावशींना अर्ध्या जिन्यात गाठलं. आता ऋतुजानंच मागितली. माझा नेमही होईल आणि लेकरू झोपेलही, मला वाटलं. डबा स्टुलावर ठेवायचा, तिच्या उशाशी बसायचं, कहाणी सांगायची. ती झोपली की आपण दोन घास खायचे. देवानंच सोय केली म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

पण ऋतुजा झोपेना. कहाणीला हूं, हूं, हूं. एकही हुंकार चुकत नव्हता. इतर मुलं माझ्या कहाणीवरसुद्धा झोपायला लागली. शिफा तर राजा शिकारीला निघायच्या आतच घोरायची. नूरजहां भाभी म्हणायची, “वहिनी, आमची पोरगी तुमच्या राजाचं तोंडच बघत नाही कधी.” ऋतुजा मात्र शेवटच्या शब्दापर्यंत जागी. कहाणी संपली की म्हणायची, “आता जेव.” मी जेवायची. ती बघत राहायची. मी डबा धुवून यायची, तरी तिचे डोळे उघडेच. मग कूस पालट, पाणी दे, पाय चेप, असं करत बराच वेळ जायचा. झोपेची येऊन गेलेली वेळ परत येत नाही म्हणतात, ते मी तिथं बघितलं.

रूथ सिस्टर एकदा कहाणी पूर्ण होईपर्यंत दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. नंतर मला म्हणाल्या, “काकू, छान सांगता तुम्ही. पण तुमच्या गोष्टीत फार घडतं. कुणी शाप देतं, कुणाचं राज्य जातं. मलाच झोप येणार नाही आज.”

मी म्हटलं, शेवटी सगळं परत मिळतं पण.

“मिळतं खरं. पण तोवर जागावं लागतं ना पोरीला.”

डॉक्टरांनीही विचारायला सुरुवात केली. ऋतुजाचं खाणं कमी झालं होतं, वजन उतरलं होतं. आणखी चार दिवस बघू, नाहीतर झोपेचं औषध देऊ, असं ते पल्लवीला म्हणाले. पल्लवी खोलीवर येऊन बाळाला पाजताना रडली. एवढ्याशा जिवात आणखी किती औषधं ओतायची, तिला तेच लागलं होतं.

त्याच आठवड्यात ते डाग दिसले.

सकाळी पल्लवी ऋतुजाचं अंग पुसत होती. डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते, तिथं निळेकाळे ठिपके होते. ती घाबरली. अशा मुलांच्या रक्तातल्या काही पेशी कमी झाल्या की नुसत्या दाबानं असे डाग उठतात, हे आम्हाला तोवर कळलं होतं. सिस्टर आल्या, रक्त तपासायला गेलं. पेशी कमी होत्या, पण नेहमीइतक्याच. सिस्टरांनी हात उजेडात धरून पुन्हा बघितला. म्हणाल्या, आपोआप उठले असते तर पायावर, पाठीवर, कुठंही दिसले असते. हे एकाच जागी आहेत आणि जोडीजोडीनं आहेत. हे चिमटे आहेत.

ऋतुजाला विचारलं तर तिनं भिंतीकडं तोंड केलं.

मी हे सगळं पल्लवीकडून खोलीवर ऐकलं. ती बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “अक्का, रात्री तर तुम्हीच असता तिच्याजवळ.”

एवढंच. तिच्या मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक. कदाचित एवढंच विचारायचं असेल, की तुम्हाला काही दिसलं का. पण मला ते वाक्य उभं चिरत गेलं. मी उठले. देवापुढं निरांजन लावलं, जपाची माळ हातात घेतली. मणी सरकत होते आणि तोंडात नाव येत नव्हतं. ज्या पोरीला मी कधी टपली मारली नाही, तिच्या दंडावर माझी बोटं शोधायची वेळ आली होती. मग मीच स्वतःला म्हटलं, आई आहे ती. तिनं सगळ्यांवरच संशय घ्यावा. तिच्या जागी मी असते तर मीही घेतला असता.

संध्याकाळी वॉर्डात गेले. दिवे मंद झाले. मी रोजच्यासारखी उशाशी न बसता खाटेच्या उजव्या अंगाला बसले आणि कहाणी सुरू केली. शुक्रवार होता. रोज मी तिच्या तोंडाकडं बघत सांगायची. त्या दिवशी हातांकडं बघत सांगितलं. डाव्या मनगटाला सुई होती, तो हात चादरीवर पडून होता. उजवा चादरीखाली.

हूं. हूं. मग एक हुंकार थोडा उशिरा आला. पापण्या खाली आल्या, मान कलली, आणि चादरीखालून उजवा हात सरपटत निघून डाव्या दंडाकडं गेला. ऋतुजानं ओठ आवळले. डोळे पुन्हा टक्क उघडले. “हूं,” ती मोठ्यानं म्हणाली.

मी कहाणी थांबवली. तिचा उजवा हात हळूच माझ्या हातात घेतला.

“थांबू नकोस,” ती घाईनं म्हणाली. “मी जागी आहे. बघ, जागी आहे.”

“कशाला गं जागायचं, सोन्या?”

नूरजहां भाभी पलीकडं शिफाला थोपटत होती, तिचाही हात थांबला होता.

“मी झोपले तर तू उपाशी राहशील,” ऋतुजा म्हणाली.

“कोण म्हणालं असं?”

“तू राहिलीस की. आपल्या घरी. मी बालवाडीत होते तेव्हा. मी कहाणीत झोपले आणि तू नुसतं पाणी पिऊन निजलीस. सकाळी आई बाबांना सांगत होती, पोरीच्या डुलकीनं अक्का उपाशी झोपल्या म्हणून. मी ऐकलं.”

मला आठवेना. मग आठवलं. उन्हाळ्याचे दिवस होते, पोर खेळून दमलेली, कहाणी निम्मी झाली आणि ती माझ्या मांडीवर कलंडली. हुंकार तुटला की कहाणी तुटली, आणि कहाणी तुटली की त्या दिवशी अन्न नाही, असा सासूबाईंचा दंडक. मी डबे झाकले, पाणी प्यायले आणि तिला कुशीत घेऊन निजले. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. उपासाची सवय असलेल्या बाईला एक रात्र म्हणजे काय. पण त्या पोरीनं ती रात्र जपून ठेवली होती. गोळ्या झोप उडवत होत्याच, पण जी थोडीफार दाराशी येत होती तिला ती चिमटे काढून हाकलत होती. माझ्या दोन घासांसाठी.

आता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “तू मध्येच थांबलीस. आता आज पण तुला जेवता येणार नाही.”

तेवढ्यात नूरजहां भाभी स्टूल ओढून आमच्या दोन खाटांच्या मध्ये येऊन बसली. “उरलेली मला सांगा की. मी म्हणते हूं.” मग तिनं विचारलं, “चालतं ना आमचं?”

“कान आहेत ना,” मी म्हटलं, “मग चालतं.”

उरलेली कहाणी मी तिला सांगितली. तिनं हुंकार तर दिलाच, शिवाय दुष्ट जावेला दोन ठिकाणी शिव्याही घातल्या, त्या माझ्या कहाणीत नाहीत. ऋतुजा रडता रडता हसली. मी तिच्यासमोर जेवले. त्या रात्रीही ती उशिराच झोपली, पण दंडाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला पल्लवी बाळाला पाजायला खोलीवर आली. तेवढ्यापुरतं नूरजहां भाभी ऋतुजाकडं बघायची. मी पल्लवीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. बाळ चुटूचुटू दूध पीत होतं. मग ती म्हणाली, “अक्का, काल मी बोलले ते...”

मी म्हटलं, ते जाऊ दे. आता कहाणी कुणाला सांगू, ते बोल. संध्याकाळी मला ती मोकळी हवी.

“मला सांगा,” पल्लवी म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून पल्लवी कधी कहाणीला बसली नव्हती. तिला शाळेची नोकरी, संध्याकाळी वह्या तपासायच्या. मी कधी बोलावलं नव्हतं आणि तिनं कधी टाळलं नव्हतं. ते आपलं जमलं नव्हतं. त्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन ती माझ्यासमोर बसली. मी शनिवारची कहाणी सुरू केली. चार वाक्यं झाली नाहीत तोवर तिचे डोळे मिटायला लागले. बिचारी किती दिवसांची जागी होती. प्रत्येक वेळी दचकून ती “हूं” म्हणायची, की बाळही दचकायचं. मी राजाला शिकारीला पाठवलंच नाही, घरीच ठेवला. दोन राण्यांची एकच केली. कहाणी आवरती घेऊन पूर्ण केली आणि तिला म्हटलं, झोप आता थोडी. बाळासकट ती तिथंच आडवी झाली.

दिवेलागणीला मी वॉर्डात गेले तेव्हा ऋतुजा वाटच बघत होती.

“कहाणी झाली?”

“झाली.”

“कुणी ऐकली?”

“तुझ्या आईनं.”

तिचा विश्वास बसेना. “पूर्ण? झोपली नाही?”

“डुलक्या काढत होती. पण हुंकार नाही सोडला.”

ह्यावर ती इतकी हसली की सिस्टर बघायला आल्या. “मग जेव माझ्यासमोर,” ती म्हणाली. मी डबा उघडला. भाकरी, शेपूची भाजी, थोडा भात. प्रत्येक घासावर तिची नजर. शेवटी डब्याचा तळ तिला दाखवला. वकिलानं कागद बघावा तसा तिनं तो बघितला आणि मान हलवली.

मग दिवे मंद झाले. मी म्हटलं, आता जी सांगणार ती कहाणी नाही, नुसती गोष्ट आहे. हिच्यात देव नाही, नेम नाही. अर्धी राहिली तरी कुणाचं काही अडत नाही.

“हूं म्हणायचं?”

“वाटलं तर म्हण.”

गोष्ट मला तरी कुठं ठाऊक होती. मी तिचा उजवा हात हातात घेतला आणि सवयीनं तो चोळायला लागले. आम्ही कासार. बांगडी भरायची तर आधी समोरच्या बाईचा हात मऊ करावा लागतो. अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं, बोटांचे सांधे एकेक करून सैल करायचे आणि पुन्हा पुन्हा म्हणायचं, हात सैल सोडा, सैल सोडा. हात ताठ असला की बांगडी फुटते. बाई बोलण्यात रमली की हात आपोआप सुटतो. तेच करत मी सांगायला लागले.

एक कासारीण होती. दोरीत ओवलेल्या बांगड्यांचा मलार खांद्याला अडकवून ती गावात निघाली. पहिल्या घरी एक आजी होती. तिला हिरव्या बांगड्या भरल्या. हात सैल सोड. मग ती दुसऱ्या घरी गेली. तिथं एक नवी सून होती. तिला लाल बांगड्या भरल्या. सैल सोड. मग तिसऱ्या घरी गेली. तिथं एक लहान मुलगी होती, तिला पिवळ्या हव्या होत्या...

“पिवळ्या मिळाल्या?” ऋतुजानं विचारलं.

मिळाल्या. मलारात सगळे रंग होते. मग ती चौथ्या घरी गेली.

कुणी रागावलं नाही, कुणी शाप दिला नाही. कासारीण दारं मागं टाकत गेली आणि मी बोटं सैल करत गेले. हूं. जरा वेळानं हूं. मग नुसता श्वास. नळाशेजारच्या घरी निळ्या बांगड्या भरून झाल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हुंकार थांबलाय.

इतकी वर्षं हुंकार थांबला की माझा हात आपोआप पुढं व्हायचा, ऐकणाऱ्याला हलवायला. त्या दिवशीही झाला. तिच्या खांद्याजवळ गेला आणि तिथंच राहिला. तिचा हात माझ्या दुसऱ्या हातात पडला होता, कणकेच्या गोळ्यासारखा, कुठंही ताठ नाही. गोष्ट अर्धीच राहिली होती. मला इतकं बरं वाटलं, की मी मनात म्हटलं, देवा, हीच तुला पोचू दे.

“वहिनी,” पलीकडून नूरजहां भाभी कुजबुजली, “पुढच्या घरी कोण होतं?”

“मला काय माहीत,” मी कुजबुजले.

“म्हणजे? आता मला झोप येणार नाही.”

आम्ही दोघी पदराचे बोळे तोंडात कोंबून हसलो.

ती कासारीण पुढं पुष्कळ दिवस हिंडली. झोपेच्या औषधाचं नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलं नाही. पेरूच्या फोडी मागून खायला लागली ऋतुजा, आणि पुढची इंजेक्शनं वेळेवर सुरू झाली. मधे वाईट दिवसही आले, नाही असं नाही, पण ते तिनं झोपून काढले. आता ती पुण्याला शिकते. सुट्टीला आली की सूर्य डोक्यावर येईतो निजते आणि पल्लवी तिच्या नावानं ओरडते. पल्लवी अजून माझ्या कहाणीला बसते, हुंकारही बरा देते.

त्या पहिल्या रात्री मात्र मी तशीच बसून होते, तिचा हात हातात धरून. रूथ सिस्टर ताप बघायला आल्या. खाटेजवळ थांबल्या. ऋतुजाच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोटांची मागची बाजू अलगद तिच्या गळ्याला लावून बघितली, आणि हातातला थर्मामीटर खिशात परत ठेवून पुढच्या खाटेकडं गेल्या.